परग्रहावरच्या मामाले काय म्हणतात?

मागच्या अंकात मी एका ओळीत सहज लिहून गेलो, की सिनेमासाठी बनवलेल्या परग्रहावरच्या भाषांमधे पण काका-मामा असतात, आणि मग काय, पत्रं आणि व्हॉट्सॲप दोन्ही भरून आलं. कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल विचारलं होतं तेव्हा एवढी आली नव्हती. त्यातली चार घेतो, बाकीच्यांनी राग धरू नका, तुमचंही उत्तर यात कुठेतरी सापडेलच.

प्रश्न : सर, आम्ही वडसा तालुक्यातले पोट्टे आहोत. आमच्या गावच्या मंडईले, म्हंजे जत्रेले, दरवर्षी नाटक येते, रातभर चालते. यंदा नाटकाच्या आधी अर्ध्या तासाची आमचीच एकांकिका टाकतो म्हनलं. गोष्ट अशी का लोणारच्या तळ्यात यान उतरते अन् त्याच्यातून बहीणभाऊ बाहेर येतात. त्याइची भाषा आम्ही मराठी शब्द उलटे करून बनवली, भाऊचं 'ऊभा' झालं अन् बहीणचं 'णहीब'. पन तालमीत सगळे हासतात. काय कराव?

उत्तर : हसणारच ना गा. स्टेजवर एकानं "ऊभा, इकडे ये" म्हटलं की पुढच्या रांगेत बसलेला म्हातारा उठून उभा राहील. आणि 'णहीब' म्हणायला तुमच्याकडे जीभ कुणाची वळणार, झाडीबोलीत ण नाही, ळ नाही, ष नाही, तुमच्या आजीच्या तोंडात 'बहीन' आहे, तिला उलटं केलं तर 'नहीब' होईल आणि ते नसीबसारखं ऐकू येईल. ते जाऊ द्या. खरी अडचण वेगळी आहे. आम्ही लहानपणी च ची भाषा बोलायचो, प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर च बसवायचा आणि मोठ्यांना कळू नये म्हणून भराभर बोलायचं, ती काही नवी भाषा नव्हती, मराठीच होती, फक्त कुलूप लावलेली. तुमचं पण तेच झालंय. घर तेच, भाऊ तोच, बहीण तीच.

ज्यांनी हे काम नीट केलं त्यांची गोष्ट सांगतो. स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळकथेत क्लिंगॉन नावाची लढाऊ जमात आहे. १९७९ च्या पहिल्या सिनेमात त्यांच्या तोंडी चार-दोन वाक्यं होती, ती जेम्स डूहान या नटाने आवाज जुळवून बनवली होती, म्हणजे तुमच्यासारखंच तालमीतलं काम. पुढे १९८४ च्या तिसऱ्या सिनेमासाठी मार्क ओक्रंड या भाषातज्ज्ञाला बोलावलं आणि १९८५ मधे त्याची डिक्शनरीच आली. या माणसाचा पीएचडीचा अभ्यास कुठला, तर कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन नावाच्या आदिवासी भाषेचं व्याकरण, जिचे बोलणारे तेव्हा उरलेच नव्हते, जुन्या नोंदींवरून त्याने ते उभं केलं. त्यामुळे माणसांच्या भाषेत कोणते आवाज सहसा एकत्र नांदतात हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच त्याने मुद्दाम न जुळणारे आवाज एका घरात कोंबले.

त्यातली मजा आपल्याला जास्त कळते. क्लिंगॉनचा ड हा आपल्यासारखा जीभ वर वळवून म्हणायचा ड आहे आणि स म्हणजे जवळपास आपला ष. अमेरिकेतले हौशी लोक त्याच्यासाठी जीभ पिळून पिळून प्रॅक्टिस करतात आणि आपलं पोरगं पहिलीच्या अंकलिपीत ते शिकून बसलेलं असतं. आई म्हणजे 'षोष'. पुरुष म्हणजे 'लोड', भाऊ म्हणजे 'लोडनि''. बाई म्हणजे 'बे'', बहीण म्हणजे 'बे'नि''. शब्दाच्या शेवटी जी बारीक रेघ आहे तिथे आवाज घशात खटकन अडवायचा, आपण नको म्हणताना "अं'हं" करतो तेव्हा मधे जसा अडतो तसाच. आता विदर्भातल्या माणसाने क्लिंगॉनच्या गावात जाऊन "काय बे" म्हटलं तर समोरचा मिशावाला काय समजेल ते तुम्हीच बघा.

बापाला म्हणतात 'वाव'. (आमच्या घरात बापाला वाव नाही हा विनोद मी करणार नव्हतो पण झाला.) आणि गंमत बघा, 'वावनि'' म्हणजे आजोबा, 'षोषनि'' म्हणजे आजी. भावाबहिणीच्या मागे जे 'नि'' लागलं तेच आजीआजोबांच्याही मागे लागलं. त्या भाषेत 'नि'' असं एक क्रियापद आहे, वेळेने लांब असणं, दीर्घ असणं. त्याचा याच्याशी संबंध असेलच असं मी म्हणत नाही, पण आजोबा म्हणजे लांबलेला बाप, ही कल्पना मला आवडली, आणि आमचे आबा जेवताना जेवढ्या वेळ गोष्ट लांबवायचे ते बघता बरोबरच आहे.

तर तुम्ही असं करा, आवाजाच्या मागे नंतर लागा, आधी त्या बहीणभावाचं घर ठरवा. ते एका आईचे आहेत का? तिकडे आई एक असते का? समजा तिकडे पोरं पावसाळ्यात एकदाच जन्मतात, मग एका पावसातले सगळे भावंडं, दुसऱ्या पावसातला सख्ख्या आईचा असला तरी परका. मग तुमच्या नाटकात ती पाहुणी गावातल्या पोराला विचारेल, तू कोणत्या पावसाचा? याला एक शब्द बनवा, दोन अक्षरांचा, तोंडात बसणारा. भाऊ-बहीण असे दोन शब्द मग लागणारच नाहीत कदाचित. आणि सगळे शब्द तुमच्या गावच्या प्रेक्षकाला म्हणता येतील असे ठेवा, कारण नाटक आवडलं तर सकाळी चहाच्या टपरीवर तेच शब्द ऐकू आले पाहिजेत.

प्रश्न : मी मेहकर तालुक्यात प्राथमिक शाळेवर आहे. इंग्रजीच्या तासाला अंकल शिकवलं की पोरं विचारतात, मॅडम अंकल म्हणजे काका की मामा? आंटी म्हणजे मावशी की आत्या? मी म्हणते सगळेच. त्यांना ते पटतच नाही. तुम्ही लिहिलं की परग्रहाच्या भाषेत काका-मामा आहेत, मग त्या भाषेत हे वेगळे आहेत का, की तिथेही सगळे अंकलच?

उत्तर : मॅडम, वेगळे आहेत, आणि अगदी आपल्यासारखे वेगळे आहेत. मी पहिल्यांदा ती यादी वाचली तेव्हा खुर्चीतून उठून बायकोला वाचून दाखवली, तिने विचारलं यात नवीन काय, आणि तेच तर नवीन आहे.

क्लिंगॉनमधे बापाचा भाऊ 'तेन्नुष'. बापाची बहीण 'ए'माम'. आईचा भाऊ 'इर्नेख'. आईची बहीण 'मे''. झाले ना काका, आत्या, मामा, मावशी, चार नात्यांना चार शब्द. आणि या चौघांच्या नवरा-बायकोसाठी मागे 'नाल' लावायचं. 'इर्नेखनाल' म्हणजे मामी, 'तेन्नुषनाल' म्हणजे काकू, 'मे'नाल' म्हणजे मावसा. नवरा 'लोडनाल' आणि बायको 'बे'नाल', त्यातही तेच 'नाल', म्हणजे लग्नातून आलेलं माणूस दिसलं की 'नाल' दिसणार. आपल्याकडे आत्याच्या नवऱ्याला काय म्हणायचं यावर माझ्या घरात अजून एकमत नाही, तीन भावांच्या पोरांचे तीन शब्द आहेत. क्लिंगॉन सरळ 'ए'मामनाल' म्हणून मोकळे होतात.

पण खरी गोष्ट पुढे आहे. इंग्रजीत सगळे कझिन. क्लिंगॉनमधे त्याचे दोन भाग पडतात. काकाची आणि मावशीची पोरं म्हणजे 'तेय्''. मामाची आणि आत्याची पोरं म्हणजे 'लोर'. ही विभागणी बघा नीट. बापाकडचे एकीकडे आणि आईकडचे एकीकडे अशी नाही केलेली. बापाचा भाऊ आणि आईची बहीण, म्हणजे पुरुषाला भाऊ आणि बाईला बहीण असं भावंड, त्यांची पोरं एका बाजूला, आणि बापाची बहीण आणि आईचा भाऊ, म्हणजे जिथे बाई-पुरुष अशी उलटापालट होते, त्यांची पोरं दुसऱ्या बाजूला.

आता हे आपल्या गावात कुणाला शिकवावं लागतं का? मावसबहीण ही बहीणच, तिच्याकडून राखी बांधून घ्यायची, चुलतबहीण तर एका अंगणातली. पण मामाची पोरगी म्हटलं की बारा वर्षांच्या पोराला पण सगळे चिडवायला लागतात. आमच्या मोर्शीकडच्या गावात माझी मामेबहीण दिवाळीला आली की म्हाताऱ्या मुद्दाम मला पाणी न्यायला सांगायच्या, आणि मी लाजून वावरात पळून जायचो. मामाच्या पोरीशी लग्न चालतं आणि मावशीच्या पोरीशी चालत नाही, ही जी रेघ आहे ती महाराष्ट्रात कितीतरी समाजात आहे, उत्तरेत गेलं की दोन्हीला नाही म्हणतात. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या पुस्तकात भारतातल्या नातेव्यवस्थेचे पट्टे पाडले तेव्हा महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात टाकला, ते काही उगाच नाही, उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडच्या चाली इथे एका ताटात जेवतात. हल्ली डॉक्टर लोक जवळच्या रक्तातलं लग्न नको म्हणतात आणि बरोबरच म्हणतात, मी फक्त शब्दांचं सांगतोय.

आणि शब्द किती चिवट असतो बघा. जुन्या सुना सासऱ्याला मामंजी म्हणायच्या आणि सासूला आत्याबाई. का? कारण कधीकाळी सासरा हा खरंच मामा असायचा किंवा सासू खरंच आत्या. ते लग्न बंद पडलं तरी हाक राहिली. पोरांना वर्गात हे विचारून बघा, घरी आजीला विचारून या म्हणावं की तुझ्या सासूला तू काय म्हणायची, अर्धा तास इंग्रजी राहू द्या बाजूला.

लुईस हेन्री मॉर्गन म्हणून एक अमेरिकन वकील होते, त्यांनी जगभरातून नात्यांचे शब्द गोळा करून १८७१ मधे मोठा ग्रंथ छापला. अमेरिकेतल्या इरोक्वाय लोकांची आणि आपल्याकडच्या तमिळ-तेलुगू लोकांची नात्यांची मांडणी एकमेकींना किती मिळते हे बघून ते चक्रावून गेले होते, कारण दोन्हीकडे हीच ती रेघ. म्हणजे क्लिंगॉनसाठी हे आभाळातून आणायची गरजच नव्हती, माणसांकडे ते होतंच, फक्त इंग्रजीकडे नव्हतं. इंग्रजी सिनेमा बघणाऱ्याला ते परग्रहावरचं वाटतं आणि मेहकरच्या तिसरीतल्या पोराला घरचं. तुमच्या पोरांना अंकल पटत नाही यात पोरांची काही चूक नाही मॅडम.

प्रश्न : मी सिरोंचा भागातला. आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी. आमच्याकडे मोठा भाऊ अन्ना, लहान भाऊ तम्मुडु, मोठी बहीण अक्का, लहान चेल्लेलु. मराठीत नुसतं भाऊ म्हटलं की मला अर्धवट वाटतं. त्या निळ्या लोकांच्या सिनेमात सगळे भाऊबहीण दाखवले आहेत, त्यांच्या भाषेत मोठा-लहान आहे का?

उत्तर : अवतार म्हणता ना तुम्ही. नाव आपलं, माणसं निळी, आणि भाषा बनवली पॉल फ्रॉमर या भाषातज्ज्ञाने, नाव नावी. २००९ ला पहिला भाग आला आणि २०२२ च्या दुसऱ्या भागात अख्खं कुटुंबच आहे, दोन भाऊ, त्यातल्या धाकट्याला सारखं थोरल्याच्या मापाने मोजलं जातं, म्हणजे गोष्टीत मोठा-लहान भरपूर आहे. पण शब्दात नाही. भाऊ 'त्स्मुकान', मग तो थोरला असो की शेंडेफळ. बहीण 'त्स्मुके'. पोरगा ''इतान', पोरगी ''इते'. आन लागला की पुरुष, ए लागला की बाई. आणि आन-ए दोन्ही काढून टाकलं की उरतं 'त्स्मुक', नुसतं भावंड, भाऊ की बहीण ते सांगायचंच नाही. हा शब्द मला फार आवडतो कारण आपल्या 'भावंड'चा तो सख्खा भावंड आहे.

मराठीला अर्धवट म्हणू नका पण. भाऊ हा शब्द जरी एक असला तरी हाक मारताना दादा वेगळा आणि धाकट्याला नावाने किंवा "अबे" म्हणून. आणि आमच्याकडे वऱ्हाडात बापाच्या मोठ्या भावाला मोठे बाबा, त्यांची बायको मोठी आई, बापाचा लहान भाऊ काका. बाईच्या सासरी तर बघायलाच नको, नवऱ्याचा मोठा भाऊ भासरा, लहान भाऊ दीर, एकासमोर डोक्यावर पदर आणि दुसऱ्याच्या डोक्यात टपली. मोठा-लहान आपल्याकडे पण आहे, फक्त जिथे मान द्यायचा किंवा लाजायचं तिथेच तो शब्दात उतरलाय. तुमच्या तेलुगूत तो पाळण्यापासूनच आहे. आणि तुमच्याकडे 'अत्त' म्हणजे आत्या पण आणि सासू पण, 'मामा' म्हणजे मामा पण आणि सासरा पण, 'बावा' म्हणजे बहिणीचा नवरा पण आणि मामाचा-आत्याचा वयाने मोठा पोरगा पण. वरच्या उत्तरात मेहकरच्या मॅडमना जे सांगितलं ते तुमच्या घरात रोज बोललं जातं, मी उगाच क्लिंगॉनपर्यंत गेलो.

नावीकडे मोठा-लहान नाही पण दुसरं एक आहे. एक, दोन, तीन आणि मग पुष्कळ, असे चार आकडे त्यांच्या नामाला लागतात. एक भावंड 'त्स्मुक', दोघं 'मेस्मुक', तिघं 'प्'एस्मुक' (प म्हणताना घशातून जोरात फोडायचा), आणि जास्त असले तर 'आयस्मुक', किंवा पुढचं आय गाळून नुसतं 'स्मुक'. त्स कुठे गेला? पुढे ते मे लागलं की त्सचा स होतो, प चा फ होतो, त चा स, क चा ह. शब्दाचं तोंडच बदलतं. बाहेरच्याला हे फार विचित्र वाटतं आणि आपण रोज भाऊचं भावाला आणि बहीणचं बहिणीला करतो, आपल्याकडे शेपूट बदलतं, त्यांच्याकडे तोंड, एवढाच फरक. दोघांसाठीचं वेगळं रूप संस्कृतमधे होतं, आठवीत पाठ केलं असेल तुम्ही, मराठीने ते कधीच टाकून दिलं.

हाक मारायला ते आधी 'मा' लावतात. 'मा त्स्मुकान'. हे वाचून मला वाटलं हा तर आमच्या गावचाच माणूस, "माह्या भाऊ" म्हणतोय. तुमच्याच गडचिरोली-चंद्रपूरकडे 'गा' लावतात, बाईला 'वो'. नुसत्या नावाने हाक मारणं हे तिकडच्या ग्रहावर पण उद्धट समजत असतील असं मला उगाच वाटतं.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. पोरगा बारावीत आहे. मोबाईलवर कोणती तरी राक्षसाची भाषा शिकते, ते नेटपॅक आम्ही टाकतो. ते एक जाऊ द्या. पन तो मले आता बाबा म्हनतच नाही, 'वावोय' म्हनते. पयले मले वाटलं वावरात जातो म्हनून राह्यला, मी खूश झालो. मंग समजलं का मलेच म्हनते. त्याच्या मायले विचारलं तर ते हासते. ही शिवी आहे का? खरं सांगा.

उत्तर : भाऊ, आधी हे सांगा तो तुमच्या तोंडावर म्हणतो की मागे? तोंडावर म्हणत असेल तर बसा खाली आणि ऐका.

ही वरचीच क्लिंगॉन भाषा, मोबाईलवर डुओलिंगोच्या ॲपमधे तिचा कोर्स २०१८ पासून आहे. तिच्यावर पोट भरतं का, तर नाही भरत, ते तुम्हाला स्पष्ट सांगतो. अमेरिकेत एका भाषातज्ज्ञाने आपल्या तान्ह्या पोराशी पहिली तीनेक वर्षं क्लिंगॉनच बोलून बघितलं, आई मात्र इंग्रजीत बोलायची, घरातल्या रोजच्या कितीतरी वस्तूंना त्या भाषेत शब्दच नव्हते, आणि शेवटी पोरानेच ती सोडून दिली. तुमचा पण सोडेल किंवा नाही सोडणार. बारावीचा पेपर होईपर्यंत नेटपॅक लहान टाका, हा माझा सल्ला, पण ते तुमचं तुम्ही बघा.

बाकी ती भाषा तुम्हाला वाटते तेवढी परकी नाही. क्लिंगॉन माणूस नाव सांगतो तेव्हा आधी स्वतःचं, मग बापाचं, मग 'पुक्लोड' म्हणजे मुलगा. आपल्या जुन्या सातबाऱ्यावर अमुक वल्द तमुक लिहिलेलं असतं, तसंच. आणि बोलता येणाऱ्या जिवाला 'माझा' म्हणायची शेपटी वेगळी आहे, घर, बैल, वस्तू यांना वेगळी. 'वाववि'' म्हणजे माझा बाप. तिथे वस्तूची शेपटी बापाला लावली तर मात्र अपमान होतो, तशी लावली असती तर मीच तुम्हाला सांगितलं असतं की दोन द्या ठेवून.

पण पोराने ती नाही लावली. त्याने 'ओय' लावलंय. त्या सगळ्या दांडग्या, मारामारीच्या भाषेत लाडाची म्हणून ही एक शेपटी आहे, घरच्या माणसाच्या नाहीतर पाळलेल्या जनावराच्या नावाला लावतात. आपण ताईचं ताईडे करतो, मायचं मायबाई करतो, तसं. वाव म्हणजे बाप आणि वावोय म्हणजे, कसं सांगू, लहान असताना तो तुमच्या खांद्यावर बसून पोळ्याला बैल बघायला जायचा तेव्हा ज्या आवाजात बाबा म्हणायचा ना, ते.

बारावीतल्या पोराला मराठीत ते म्हणायची लाज वाटत असेल. त्याची माय काहून हासते ते आता तुम्हीच विचारा तिला.